पेन ड्राइव्हनं नाव विचारलं

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं फजिती करून घ्यायची तर निदान चार भिंतींच्या आत करून घ्यावी. मी करून घेतली ती अख्ख्या गल्लीसमोर, आणि तिचा आवाज थेट पुण्यापर्यंत गेला.

सुरुवातीपासूनच सांगते. आंधळगावात एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत होती. त्यांना एकच मुलगा, त्याचं नाव देवराम. देवरामची बायको शोभा. त्या दोघांची एकुलती एक पोरगी पल्लवी. आणि म्हाताऱ्याचं नाव... थांबा. सगळं तिथंच अडलं, म्हणून ते मागाहून सांगते.

म्हातारी म्हणजे मी. शाळेची पायरी चढले ती फक्त मतदानाला. अंगठा लावते आणि घरी येते.

आमचे म्हातारे डाक वाटायचे. नोकरीतून सुटले तेव्हा देवराम नागपूरला होता, पल्लवी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करत होती. म्हाताऱ्यांना एकच नाद, दंडारीचा. रात्रभर गाणी-सोंगं चालतात ना आमच्याकडे दिवाळीनंतर, तीच. पाय थकले तसं गावोगाव जाऊन दंडार पाहणं बंद झालं. मग पल्लवीनं आपला जुना कॉम्प्युटर आणून ओसरीच्या कोपऱ्यात मांडून दिला. म्हणाली, "आबा, आता दंडार तुमच्या घरी येते."

आणि खरंच यायला लागली. कोणी मोहाडीहून, कोणी साकोलीकडून दंडारीचं चित्रीकरण पेन ड्राइव्हमध्ये भरून आणायचा. बोटभर लांबीची ती वस्तू. म्हातारे ती पेटीच्या भोकात घालायचे, बोटांनी टकटक करायचे, आणि पडद्यावर माणसं नाचायला लागायची.

पण दहा घरची वस्तू आपल्या घरात घातली की रोगराई येणारच. पेन ड्राइव्हमधून कसला तरी व्हायरस आला आणि मशीन आजारी पडली. बरी केली की पुन्हा आजारी. शेवटी पल्लवी सुट्टीत आली, तिनं जुनं सगळं काढून लिनक्स नावाचं काही घातलं आणि आजोबांना ताकीद दिली, "आता पेन ड्राइव्ह लावला की आपोआप उघडणार नाही. मशीन पहिले पासवर्ड विचारेल. तुमच्या मनानं एक नाव ठेवा, ते टाकलं तरच उघडेल. नाही तर उद्या कोणी बी येईल आणि काही बी लावून जाईल."

हे बोलणं माझ्या कानावरून गेलं, पण कानात शिरलं नाही. मी तेव्हा मागं बसून लाखोळीची भाजी खुडत होते. मला इतकंच दिसायचं की म्हातारे पेन ड्राइव्ह लावतात, एका बोटानं टकटक करतात आणि दंडार सुरू होते. मला वाटायचं, दार वाजवल्यासारखं करत असतील. मशीन झोपलेली असेल, तिला उठवत असतील. एकदा सहज विचारलं होतं.

"हे टकटक काहून करता जी दरवेळी?"

"नाव टाकतो. त्याबिगर उघडत नाही."

"कोणाचं नाव?"

"घरातलंच आहे. विसराचं काम नाही." एवढं बोलून हसले आणि दंडारीत शिरले.

तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हाच पुढचं विचारायचं ना. पण मला काय ठाऊक की मला कधी त्या पेटीपुढं एकटीनं बसायची पाळी येणार आहे?

ती आली. म्हातारे गेले.

देवराम म्हणाला नागपूरला चल. गेले, महिनाभर राहिले, परत आले. तिथं सगळे कामाला जातात, दार बंद करून जातात, आणि समोरच्या दारात कोण राहतं हे विचारलं तर शोभालाही ठाऊक नाही. आपली ओसरी बरी. पण इथं तरी काय होतं? एकटीपुरता भात टाकायचा तर केवढं पातेलं, केवढा गंज घ्यायचा, हेच हाताला कळेना. मोठा गंज घेतला की भात उरायचा, लहान घेतला की मन उरायचं. संध्याकाळी दाराची कडी मी लावतच नसे. वाटायचं, कोणी वाट चुकून आलं तर कडी पाहून परत नको जायला. कोपऱ्यात कॉम्प्युटर झाकलेला. त्याच्यावर मी म्हाताऱ्यांचा खांद्यावरचा दुपट्टा टाकून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. खरं तर तो भाग रिकामा दिसू नये म्हणून.

अशात पुण्याहून बातमी आली. पल्लवीला मुलगी झाली. लग्नाला किती वर्षं झाली होती, किती देव झाले होते, किती डॉक्टर झाले होते, ते सोडा. पोरगी झाली. देवराम आणि शोभा पुण्याला पळाले. माझे गुडघे तेवढ्या प्रवासाचे नव्हते, म्हणून मी इथंच.

पल्लवीची सासू माणूस चांगली. फोनवर म्हणाली, "आजी, तुम्ही सगळ्यांत मोठ्या. बाळाचं नाव तुम्ही सुचवा."

इथं गप्प बसून एखाद्या देवीचं नाव सांगून टाकलं असतं तर हा किस्साच झाला नसता. पण मला आला मोठेपणा. म्हटलं, "विहीणबाई, आमच्या घरची रीत हाय, तोंड पाहिल्याबिगर नाव ठेवत नाही. माझ्या सासूनं देवरामले तीन दिवस मांडीवर घेऊन पाहिलं, मग नाव ठेवलं."

त्या म्हणाल्या, "बरं, आम्ही व्हिडिओ पाठवतो. पण तुम्हाला बघता येईल ना?"

"येते म्हणजे? माझ्या घरी कॉम्प्युटर हाय," मी म्हटलं. म्हणताना मान अशी ताठ केली होती की फोनमधून दिसली असती तर बरं झालं असतं.

व्हिडिओ दिसणारे फोन तेव्हा आमच्या गल्लीत कोणाकडे नव्हते. आमच्याकडच्या शहापूरचा एक माणूस पुण्याहून गावी येत होता, त्याच्या हाती त्यांनी पेन ड्राइव्ह पाठवला. तो माझ्या हातात पडला बारशाच्या आदल्या दिवशी, सकाळी. विहीणबाईचा फोन आलाच. "आजी, संध्याकाळपर्यंत कळवा हं. पाळण्यावर अक्षरं लावायची आहेत. नाही जमलं तर आम्ही इकडे बघू काहीतरी."

आम्ही बघू काहीतरी. ते वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. माणूस म्हातारं झालं की लोक त्याला कमी-कमी विचारतात. आधी शेतीचं विचारणं बंद होतं, मग सोयरिकीचं, मग भाजी काय करू हेही कोणी विचारत नाही. एवढं एक नाव माझ्या वाटणीला आलं होतं. ते गेलं असतं तर पुढं मला कोणी काय विचारणार होतं?

दुपट्टा काढला. रेखाला हाक मारली. रेखा म्हणजे माझ्या धाकट्या दिराची सून, भिंतीला भिंत लागून राहते. सातवी शिकलेली, तोंडाची तिखट, हाताची उजवी. तिनं बटण दाबून पेटी सुरू केली. मी पेन ड्राइव्ह भोकात घातला आणि म्हाताऱ्यांसारखं दोनदा टकटक केलं.

काही नाही.

"मोठीमाय, उलटा घातला तुमी."

सुलटा घातला. पडद्यावर एक पाटी आली.

"काय म्हणते ते?"

"इंग्रजीत हाय. काही तरी मागून राहिली."

"काय मागते?"

"मले काय माहीत? भूक लागली असंन."

मी पाटीवर पुन्हा टकटक केलं. पाटी थरथरली, हलली आणि तशीच उभी. पेन ड्राइव्ह काढला, पदरानं पुसला, दुसऱ्या भोकात घातला. पुन्हा तीच पाटी. सोटा घेऊन दारात बसलेल्या चौकीदारासारखी.

"देवरामभाऊले फोन लावू काय?" रेखा म्हणाली.

"खबरदार. विहीणबाईले कळलं का म्हातारीले मशीन उघडता येत नाही, तर झालं. नाव त्या ठेवून मोकळ्या."

"मंग पल्लवीताईले?"

"ओली बाळंतीण हाय थे. फोन कानाले लावला का कानात वारा जाते."

मी स्वतःच दोन्ही वाटा बंद करून घेतल्या. आता तिसरी वाट म्हणजे विलास. बाजारात त्यानं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान नवीनच टाकलं होतं, दुकानात स्वतःचा कॉम्प्युटर अजून यायचा होता. साकोलीचा माणूस, पोट सुटलेलं, मिशा मोठ्या, बोलणं गोड. रेखा जाऊन त्याला घेऊन आली.

विलासनं पाटी वाचली आणि हसला. "आजी, काही बिघाड नाही. पेन ड्राइव्ह लावला का आपोआप उघडते थे सेटिंग कोणी तरी बंद करून ठेवली हाय. थे चालू करतो म्हटलं तरी मशीन पासवर्डच मागते. पासवर्ड सांगा, दोन मिनिटांचं काम हाय."

"थे घरातलं नाव हाय म्हणत होते," मी म्हटलं.

"झालं तर. घरात कोण कोण हाय?"

मी सांगत गेले, तो टाकत गेला. देवराम. पाटी हलली, नाही म्हणाली. शोभा. नाही. पल्लवी. नाही. माझं नाव, कौसल्या. तेही नाही.

"अजून कोण राहिलं?"

आता राहिलं कोण? म्हातारेच राहिले. मला एकदम उजेड पडला. माणूस स्वतःच्या वस्तूला स्वतःचंच नाव देणार ना? विसराचं काम नाही म्हणत होते ते! मी मोठ्या ठसक्यात म्हटलं, "त्याहीचंच नाव असंन. दुसरं असूच शकत नाही."

"बरं. आजोबाचं नाव काय?"

मी पदर सावरला.

"आजी, नाव काय त्याहीचं?"

मी रेखाकडे पाहिलं. रेखानं दाराच्या चौकटीकडे पाहिलं.

आता तुम्हाला सांगायला नको, आमच्या वयाच्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलेलं ऐकलंय कधी? त्यांच्या हयातीत घेतलं नाही, गेल्यावर तर बिलकूलच नाही. आणि रेखाचे ते मोठे मामंजी. तीही ते कसं घेणार, की लिहून दाखवणार?

विलासनं कपाळावर हात मारला नाही एवढंच. "बाहेर कोणा गड्याले विचारा ना जी."

गडी होते कुठे? धानाच्या रोवणीचे दिवस. गल्लीतली झाडून सगळी माणसं बांधीत, शेतातल्या चिखलात उभी. गावात होत्या त्या माझ्या जावा, घर राखायला राहिलेल्या. आणि आमचे म्हातारे भावांमध्ये सगळ्यांत मोठे. म्हणजे जितक्या जावा, तितक्यांचे ते भासरे. कोणती बाई भासऱ्याचं नाव घेते? तरी रेखा धावत गेली आणि तिघींना घेऊन आली. तिघींनी तोंडाला पदर लावला आणि ओळीनं भिंतीला टेकून बसल्या. विलास एकेकीकडे आशेनं पाहायचा आणि ती पदर आणखी वर ओढायची.

"लाइट बिल दाखवा मंग. त्यावर असंन नाव."

"बिल अजून सासऱ्याच्या नावानं येते."

"सासऱ्याचं नाव टाकू काय?"

"थे बी घेत नाही आमी."

विलास म्हणाला, "आजी, मी आतापर्यंत लोकं पासवर्ड विसरले म्हणून दुकानात आलेले पाहिले. माहीत असून सांगत नाही, असे तुमीच पहिल्या."

मग ठरलं, नाव घ्यायचं नाही पण खूण सांगायची. धाकटी जाऊ म्हणाली, "पोळ्याले बैलाच्या गळ्यात बांधते, थे."

विलासनं घंटी टाकलं. नाही. घुंगरू टाकलं. नाही. "आजोबाचं नाव घुंगरू असते काय?" तो स्वतःशीच म्हणाला, पण टाकत राहिला.

मधली म्हणाली, "घंटी नाही वं. पांढरं असते. जुने लोक सारीपाट खेळाचे त्यानं."

"फासा?"

"फाशासारखंच, पण फासा नाही."

"समुद्रात सापडते," रेखा म्हणाली. सातवीचं शिक्षण तिथं कामी आलं.

"मोती," विलास म्हणाला आणि मोती टाकलं. नाही.

"मोत्यापेक्षा स्वस्त," तिसरी जाऊ म्हणाली. हिचं आणि माझं कधी पटलं नाही.

असं करता करता दुपार कलली. पाटी प्रत्येक वेळी मान हलवायची. विलासला दुकान दिसायला लागलं. तो उठला. "आजी, एकच उपाय राहिला. फॉरमॅट मारतो. मशीन पुरी कोरी करून नवीन घालतो. मंग पेन ड्राइव्ह लावला का धाडकन उघडते, कोणाले काही विचारत नाही."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल."

आतलं म्हणजे दंडारी. म्हाताऱ्यांनी जमवलेल्या सगळ्या. एकीत ते स्वतःही होते, प्रेक्षकांत बसलेले, मांडीवर ताल धरत. मी ती दंडार त्यांच्यामागं कधी पाहिली नव्हती, कारण मला लावताच येत नव्हती. पण ती पेटीत आहे एवढं मला पुरत होतं.

एका बाजूला पणतीचं तोंड, दुसऱ्या बाजूला ते. मी उभी राहिले. पदर डोक्यावरून नीट घेतला. जावांकडे पाठ केली, विलासकडेही केली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "कवडू."

जावांच्या बांगड्या वाजल्या.

इतकी वर्षं त्या माणसाबरोबर काढली, आणि नाव माझ्या तोंडाला नवीन होतं. लहानपणी भावंडं वाचत नव्हती म्हणून त्यांच्या आईनं त्यांना कवडी घेऊन शेजारणीला विकलं होतं आणि परत घेतलं होतं. त्यावरून ते नाव. गावभर लोक ते नाव घेत, कवडूभाऊ, कवडूकाका, कवडू डाकवाला. मीच तेवढी घेत नव्हते. तो आवाज ओसरीत फिरला, आतल्या खोलीत गेला, घरामागच्या सांदवाडीपर्यंत गेला असेल, आणि कोणी ओ दिली नाही. ते जिवंत असताना एकदा तरी घेऊन पाहायला हवं होतं, असं मनात येऊन गेलं. निदान तेव्हा ओ आली असती.

मागून विलासचा टकटक आवाज आला. मग तो थांबला.

"आजी," तो हळूच म्हणाला, "हे बी नाही लागून राहिलं."

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? गल्लीसमोर लाज सोडली आणि ती पाटी म्हणते, नाही. तिसऱ्या जावेनं तोंडावरचा पदर काढला. म्हणाली, "बाई, उगाच घेतलं मंग तुमी."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रेखाला म्हटलं, लाव देवरामला फोन. तिनं लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा करून पेटीशेजारी ठेवला.

"माय, पाहिली काय पोरगी?" देवराम म्हणाला.

"पाहतो ना. पहिले पल्लवीले विचार, आबानं पासवर्ड काय ठेवला होता. आणि फोन तिच्या कानाले लावू नको. दारातून विचार."

तो गेला. तिकडे भांड्यांचे आवाज, बायकांचं हसणं, पाळणा ठोकण्याचा आवाज. भरलेल्या घराचा आवाज वेगळाच असतो हो. मी तो ऐकत बसले. देवराम परत आला.

"माय, थे म्हणते आबानं तुझं माहेरचं नाव ठेवलं होतं."

मी खाली बसले.

"माय? ऐकलं काय? तुझं माहेरचं नाव काय होतं वं?"

माझ्या पोटच्या पोराला ठाऊक नव्हतं. का असावं? लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं कौसल्या लिहिलं आणि त्या दिवसापासून पहिलं नाव संपलं. मग तर कौसल्याही संपलं, देवरामची माय झाले. माहेर माझं आमगावकडे. भंडारा जिल्हा तुटला तेव्हा तेही गोंदियात गेलं. तोवर तिथं मला त्या नावानं हाक मारणारं कोणी राहिलंही नव्हतं. आई-बाप गेले, भाऊ गेला. ते नाव जगात एका माणसाला आठवत होतं, आणि तो माणूस मला जन्मभर "ऐकलं काय" म्हणून हाक मारत होता. आणि माझ्याकडे पाठ करून, रोज, एका बोटानं ते नाव टाकत होता. मी मागं भाजी खुडत बसलेली.

इकडे हे चाललं होतं आणि तिकडे देवरामला कोणी मंडपवाल्यानं बोलावलं. त्यानं फोन दिला विहीणबाईच्या हातात. हे मला काय माहीत?

विलास पेटीपुढं बोटं उगारून बसलेला. म्हणाला, "बोला आजी. नाव सांगा."

मी सांगितलं. "मैना."

विलासनं टाकलं. पाटी निघून गेली. कुरकूर नाही, थरथर नाही, पाटी गेली आणि पेन ड्राइव्ह उघडला. फोनमधूनही काही तरी आवाज आला, पण कोणाचं लक्ष होतं तिकडे? सगळ्या जावा पदरबिदर सोडून पडद्यापुढं गोळा झाल्या होत्या.

आणि पोरगी दिसली. कपड्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या, ओठ असे वाकडे केलेले जसं काही तिलाच कोणाचं बोलणं पटलेलं नाही. रेखा म्हणाली नाक पल्लवीताईचं. धाकटी म्हणाली कान भासऱ्याचे. मी पाहत राहिले. विलासनं पुन्हा लावला. पुन्हा लावला. चौथ्यांदा तो स्वतःच म्हणाला, "गोड हाय जी पोरगी." आणि दुकान विसरून बसला.

डोळे पुसले आणि नाव ठरवलं. शेवंता. तोंडच तसं होतं, भरगच्च. मोठ्या दिमाखात पुण्याला फोन लावायला सांगितला.

"विहीणबाई, पाहिलं तोंड. आता नाव सांगतो."

"अहो आजी, नाव सांगितलंत ना मघाशी," त्या म्हणाल्या. "इतकं आवडलं सगळ्यांना. छोटंसं, गोड. अक्षरं कापून झालीसुद्धा, थर्माकोलची. पाळण्यावर लावतोय."

"कोणती अक्षरं?"

"मैना."

मी काही तरी बोलायला गेले, पण बोलू काय? की ते माझं नाव आहे, मशीननं विचारलं म्हणून सांगितलं होतं? आमच्याकडे जित्या म्हातारीचं नाव कोणी पोरीला देतं काय? आणि तेही म्हातारीनं स्वतःच सुचवलेलं?

रेखा हसून हसून खाली बसली. तिसरी जाऊ गल्लीत जायला इतकी घाईनं उठली की चपला माझ्या घालून गेली. संध्याकाळी माणसं बांधीतून परत आली तेव्हा त्यांनी पाय धुवायच्या आधी ऐकलं, देवरामच्या मायनं पणतीला आपलंच नाव ठेवायला लावलं. आणि वरून नवऱ्याचं नाव घेतलं, ते वेगळंच. चार दिवस मी विहिरीवर गेले नाही.

विलासचं सांगायचं राहिलं. जायच्या आधी त्यानं ती सेटिंग दुरुस्त करून दिली. म्हणाला, "आता पेन ड्राइव्ह लावला का आपोआप उघडंन आजी. मशीन काही विचारणार नाही."

दोन दिवसांनी मी रेखाला पाठवून त्याला परत बोलावलं.

"काय झालं जी? उघडत नाही काय?"

"उघडते ना. तेच तर. पहिल्यासारखं करून दे. विचारू दे तिले."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "आजी, लोकं हे दुरुस्त कराले बोलावतात. तुमी बिघडवाले बोलावलं."

"दिवसभरात मले दुसरं कोण नाव विचारते बाप्पा?"

तो पेटीपुढं बसला. पहिल्यासारखं करून दिलं. रेखानं माझ्या नावाच्या बटणांवर लाल टिकल्या चिकटवल्या आणि कोणती टिकली कोणत्या मागून दाबायची ते शिकवलं. शाळेत न जाता मी स्वतःचं नाव लिहायला शिकले, एका बोटानं. पेन ड्राइव्ह लावायचा, पाटी येते, मी नाव सांगते, ती उघडते. मग कधी पोरगी पाहायची, कधी दंडार. मांडीवर ताल धरलेले ते दिसले की तिथं थांबवायचं कसं, ते मात्र अजून येत नाही.

आणि पुढं देवानं पाहिलं आमच्याकडे. देवरामनं नागपूरहून भंडाऱ्याला बदली मागून घेतली, आता तो रोज संध्याकाळी घरी येतो. शोभानं मोठा गंज वर काढला. पल्लवी रजा घेऊन पोरीसकट आली आणि पोरगी याच ओसरीत रांगायला शिकली. दिवसभर घरात एकच गजर, मैना इकडे ये, मैना ते तोंडात घालू नको, मैना, कोण आलं पाहा.

आणि दरवेळी पोरीच्या आधी मीच ओ देऊन बसते.